उघडे डोळे, उघडं तोंड

देव फोर्कलिफ्टवर बसून आला. गोदामात खोकी चढवण्या-उतरवण्याचं ते साधं यंत्र, त्याच्या पुढच्या दांड्यांवर परमेश्वर उभा, आणि खाली नुकतंच निर्माण व्हायला निघालेलं जग. साल १९८५, जागा लंडनच्या नॅशनल थिएटरमधलं कॉटेस्लो हे छोटं नाट्यगृह. प्रेक्षक उभे राहून नटांच्या गर्दीत मिसळलेले. वर टांगलेल्या दिव्यांसाठी घरातल्या चाळण्या-डबे वापरलेले. देवदूत आणि प्रेषित कोळसा खाणीतल्या कामगारांच्या, बस कंडक्टरांच्या, आगीच्या बंबावरच्या जवानांच्या कपड्यांत. परमेश्वराच्या भूमिकेत ब्रायन ग्लोव्हर, एकेकाळचा शाळामास्तर आणि व्यावसायिक कुस्तीगीर. त्याच्या तोंडी यॉर्कशरची खणखणीत, रांगडी बोली.

‘द मिस्टरीज’ नावाच्या या तीन नाटकांचा शब्दकार होता टोनी हॅरिसन. ग्रीक आणि लॅटिनचा पक्का अभ्यासक, लीड्समधल्या एका बेकरी कामगाराचा मुलगा. ही नाटकं मुळात मध्ययुगातली. यॉर्क शहरात ती तिथल्या कारागीर संघांनी वाटून घेतलेली असत. नोआची नौका बांधायचा प्रवेश जहाजं बांधणाऱ्यांकडे. ख्रिस्ताला क्रुसावर ठोकायचा प्रवेश खिळे-टाचण्या करणाऱ्यांकडे. शेवटच्या भोजनाचा प्रवेश पाव भाजणाऱ्यांकडे. ज्याला जे काम येतं, त्यानं ते देवाच्या गोष्टीत करून दाखवायचं! सोळाव्या शतकात ही परंपरा थांबली, १९५१ मध्ये यॉर्कला ती पुन्हा सुरू झाली. पण हॅरिसननं ते नवे प्रयोग पाहिले तेव्हा त्याला एक गोष्ट खुपली. देव आणि येशू दक्षिणेकडच्या सुशिक्षित, साहेबी उच्चारात बोलत होते, आणि स्थानिक बोली उरली होती ती विनोदी पात्रांना. ज्या मातीत ही नाटकं उगवली, तिथलीच भाषा त्यांच्यातल्या देवाला वर्ज्य ठरली होती. हॅरिसननं देवाला त्याची बोली परत दिली.

या माणसाच्या कामाची यादी पाहिली की मती गुंग होते. त्यानं सुनीतं लिहिली, ग्रीक शोकांतिका इंग्रजीत आणल्या, मोलियेर आणि रासीन आणले, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरासाठी स्मेतानाच्या ऑपेराचे शब्द इंग्रजीत केले, दूरदर्शनसाठी पद्यात चित्रपट केले, वर्तमानपत्रासाठी रणभूमीवरून कविता पाठवल्या. आणि हे सगळं छंदात. त्याच्या लेखी यात वेगवेगळे धंदे नव्हतेच. नाटक असो, भाषांतर असो की चित्रपट, हे सगळं कवितेचंच काम आहे यावर तो आयुष्यभर ठाम राहिला. मला त्याच्या कारकिर्दीचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते इथेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुक्तछंद सगळीकडे स्थिरावलेला असताना, एक माणूस बांधीव छंद घेऊन जळलेल्या रणगाड्यांपर्यंत, विस्मरणानं पोखरलेल्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डापर्यंत, फुटबॉलवेड्या टोळक्यांनी रंगवलेल्या थडग्यांपर्यंत जातो आणि छंद कुठेही तुटत नाही.

हॅरिसनचा जन्म १९३७ चा, लीड्सच्या बीस्टन भागातला. त्याच्या एका काकांची जीभ अडखळायची आणि एक मुके होते. आपल्यात कविता कुठून आली, या प्रश्नाला त्यानं एका छोट्या कवितेत याच दोघांची नावं घेऊन उत्तर दिलंय. अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो लीड्स ग्रामर स्कूलमध्ये गेला. तिथे वर्गात कीट्सची कविता मोठ्यानं वाचायला उभा राहिला आणि पहिल्या काही शब्दांतच शिक्षकांनी त्याला थांबवलं. तसल्या उच्चारांत कीट्स वाचायचा नसतो! ‘मॅकबेथ’मध्ये त्याच्या वाट्याला दारूच्या नशेतला द्वारपाल आला, कारण शेक्सपिअरमध्ये राजे पद्यात बोलतात आणि असली माणसं गद्यात.

पुढे त्यानं या प्रसंगाची दोन सुनीतं केली आणि त्यांत मास्तरांचा हिशेब चुकता केला. कीट्स स्वतः लंडनच्या सामान्य वस्तीतल्या उच्चारांत बोलायचा, हे त्यानं दाखवून दिलं. वर्ड्‌स्वर्थनं ‘मॅटर’ आणि ‘वॉटर’ या शब्दांचं यमक जुळवलंय, ते साहेबी उच्चारात अर्धवट वाटतं, पण उत्तरेकडच्या उच्चारात चोख बसतं. म्हणजे ज्यांना अभिजात म्हणून पूजायचं, त्यांच्याच कानात ही ‘अशुद्ध’ बोली होती. हॅरिसनची सुनीतंही चौदा ओळींची नसून सोळा ओळींची. जॉर्ज मेरेडिथनं १८६२ मध्ये ‘मॉडर्न लव्ह’साठी हा घाट वापरला होता. या सोळा ओळींत हॅरिसननं आई-वडिलांवर लिहिलं. शिक्षणानं मुलगा त्यांच्यापासून कसा दूर गेला, आईच्या मृत्यूनंतर बाप-लेक एका खोलीत बसून कसे गप्प राहिले, हे ज्या पुस्तकी विद्येनं त्यांच्यात अंतर पाडलं तिच्याच सगळ्यात काटेकोर रचनेत त्यानं मांडलं. वडील ते वाचतील की नाही, ही टोचणी प्रत्येक ओळीत आहे.

लीड्स विद्यापीठातून अभिजात भाषांची पदवी घेऊन १९६२ मध्ये तो उत्तर नायजेरियात झारियाच्या विद्यापीठात शिकवायला गेला. तिथे मित्र जेम्स सिमन्सबरोबर त्यानं ॲरिस्टोफेनिसच्या ‘लिसिस्ट्राटा’चं नायजेरियन रूपांतर केलं, ‘आइकिन माता’. मग वर्षभर प्राग, आणि १९६७ पासून न्यूकॅसल. १९७० मध्ये ‘द लॉयनर्स’ हा पहिला मोठा संग्रह आला. लीड्सच्या रहिवाशांना ‘लॉयनर’ म्हणतात.

नॅशनल थिएटरनं त्याला बोलावलं ते १९७३ मध्ये, मोलियेरच्या ‘मिझान्थ्रोप’साठी. मूळ नाटक १६६६ चं. हॅरिसननं ते बरोबर तीनशे वर्षं पुढे, द गॉलच्या पॅरिसमध्ये नेलं. यमकांच्या जोडओळी इतक्या चपळ की प्रेक्षक यमकाची वाट पाहायला लागले आणि ते आलं की हसायला लागले. दोन वर्षांनी आलेलं ‘फीड्रा ब्रिटानिका’ तर आपल्याला थेट जवळचं. रासीनच्या ‘फेद्र’मधली राणी सावत्र मुलाच्या प्रेमात पडते आणि त्याचा दोष देवांच्या शापाला देते. आता लंडनच्या प्रेक्षकाला व्हीनसचा शाप खरा कसा वाटावा? हॅरिसननं सगळं नाटक १८५७ च्या उठावाआधीच्या हिंदुस्थानात आणलं. राजा झाला गव्हर्नर, राणी झाली मेमसाहेब, तिची विश्वासू दासी झाली आया, आणि सावत्र मुलगा झाला गव्हर्नरला राजपूत स्त्रीपासून झालेला तरुण. देवांच्या जागी उभा केला तो हिंदुस्थान: उन्हाळा, जंगल, आणि गोऱ्या साहेबाला सतत खेचणारी आणि घाबरवणारी इथली सगळी दुनिया. मेमसाहेबाला स्वतःच्या मनात जे उसळतंय ते कबूल करवत नाही, म्हणून ती म्हणते, हा देशच असा. मेमसाहेबाचं काम केलं होतं डायना रिगनं.

हे नाटक वाचताना इथल्या वाचकाला जाणवतं की यात आपला देश फारसा नाहीच. यात आहे तो साहेबाच्या डोक्यातला हिंदुस्थान. आणि हॅरिसनला नेमकं तेच दाखवायचं होतं. राज्य करणाऱ्यांनी आपल्या वासनांना दुसऱ्याच्या भूमीचं नाव कसं दिलं, याचं इतकं नेमकं चित्र पाश्चात्त्य नाटकांत मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता मुखवट्यांकडे येतो. कारण हॅरिसनच्या सगळ्या कामाची किल्ली तिथे आहे असं मला वाटतं.

१९८१ मध्ये पीटर हॉलनं नॅशनल थिएटरमध्ये ईस्किलसची ‘ओरेस्टिया’ बसवली. ही तीन शोकांतिकांची मालिका अथेन्समध्ये पहिल्यांदा झाली ती ख्रिस्तपूर्व ४५८ मध्ये. ट्रॉय जिंकून आलेल्या राजाला त्याची बायको मारते, मुलगा आईला मारतो, आणि शेवटी न्यायसभा बसते. सगळे नट पुरुष, सगळ्यांच्या चेहऱ्यावर जॉसलिन हर्बर्टनं केलेले मुखवटे, हॅरिसन बर्टविसलचं संगीत. मुखवट्यामागून बोललेला शब्द स्पष्ट पोहोचायचा तर त्याला हाडं हवीत. ती हॅरिसननं व्यंजनांमधून दिली. जुन्या इंग्रजी काव्यातला अनुप्रास त्यानं पुन्हा कामाला लावला. दोन-दोन ठोस शब्द जोडून नवे सामासिक शब्द घडवले. ओळ म्हणताना दात, ओठ, टाळू सगळ्यांना काम. उत्तर इंग्लंडचे उच्चार इथे हुकमाच्या पानासारखे उपयोगी पडले. पुढच्या वर्षी हा प्रयोग ग्रीसमध्ये एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात झाला.

ग्रीक मुखवट्याविषयी हॅरिसननं जे सांगितलंय ते मला थक्क करतं. मुखवट्याचे डोळे कायम उघडे असतात. त्याचं तोंडही कायम उघडं असतं. समोर कितीही भयंकर काही घडो, माणसाच्या चेहऱ्याला डोळे मिटून घ्यायची, तोंड फिरवायची, हुंदका आवरण्यासाठी ओठ आवळायची सोय आहे. मुखवट्याला ती सोय नाही. त्याला बघावं लागतं आणि बोलत राहावं लागतं. शिवाय ग्रीक नाटक भरदिवसा व्हायचं, नट आणि प्रेक्षक एकाच उन्हात. अंधारात लपून रडायची मुभा प्रेक्षकालाही नव्हती.

हॅरिसनच्या मते छंद हा कवीचा मुखवटा. इंग्रजीतली त्याची आवडती ओळ पाच ठोक्यांची, आपल्या लगक्रमात मांडायची तर ल-गा पाच वेळा, फक्त तिथे लघु-गुरूऐवजी आघात मोजतात. हा ठोका एकदा सुरू झाला की पुढची ओळ येणं भाग असतं. तोंडून शब्द फुटू नये असं काहीतरी समोर दिसतं, गद्य तिथे थबकतं, पण छंद पाऊल पुढे टाकतो, कारण यमकाची एक बाजू अजून उघडी असते. छंदाला आपण शोभेची वस्तू समजतो. हॅरिसननं तो शुद्धीवर राहण्याचं साधन म्हणून वापरला.

त्याची कसोटी १९९१ मध्ये लागली. आखाती युद्धाच्या शेवटी केनेथ जरेकी या छायाचित्रकारानं एका जळून कोळसा झालेल्या इराकी सैनिकाचा फोटो काढला. वाहनातून बाहेर पडू पाहणारा माणूस, चेहरा जळलेला, दात दिसतायत. अमेरिकेतल्या माध्यमांनी तो तेव्हा बाजूला ठेवला, ब्रिटनमध्ये ‘ऑब्झर्व्हर’नं छापला. हॅरिसननं त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ‘अ कोल्ड कमिंग’ लिहिली. तोकड्या जोडओळींची ही दीर्घ कविता मार्च महिन्यात ‘गार्डियन’मध्ये आली. तिच्यात तो मेलेला सैनिक कवीच्या ध्वनिमुद्रकापुढे बोलतो. उघडे डोळे, उघडं तोंड: वाळवंटातला तो जळका चेहरा हॅरिसनला ग्रीक मुखवट्यासारखा दिसला असणार, यात मला शंका नाही. चार वर्षांनी ‘गार्डियन’नं त्याला बोस्नियाला पाठवलं आणि तिथून आलेल्या त्याच्या कविता ताज्या वार्तेसारख्या छापल्या.

हे आगीचं वेड जुनं होतं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपाननं शरणागती पत्करली तेव्हा हॅरिसन आठ वर्षांचा होता. लीड्सच्या गल्लीत लोकांनी विजयाची होळी पेटवली. नंतर कित्येक वर्षं रस्त्याच्या दगडांवर त्या होळीचं काळं वर्तुळ राहिलं. त्याच महिन्यात हिरोशिमा जळलं होतं. आनंदाची आग आणि संहाराची आग एकच, हे त्या वर्तुळानं त्याला शिकवलं आणि पुढे ते त्याच्या लिखाणात पुन्हा पुन्हा आलं.

‘व्ही.’ या कवितेचा गदारोळ मात्र युद्धाहून मोठा झाला. लीड्सच्या होल्बेक दफनभूमीत त्याच्या आई-वडिलांचं थडगं. दफनभूमी टेकडीवर, खाली पोखरून रिकामी झालेली कोळशाची खाण, पलीकडे लीड्स युनायटेडचं फुटबॉल मैदान. सामना हरला की पोरं वर चढून दारूच्या नशेत थडग्यांवर रंगाच्या फवाऱ्यानं शिव्या लिहायची. आई-वडिलांच्या दगडावर हॅरिसनला दिसला क्लबच्या नावातला ‘युनायटेड’ हा शब्द. बाहेर १९८४-८५ चा खाण कामगारांचा संप पेटलेला, देश दोन तुकड्यांत उभा, आणि थडग्यावर ‘एकत्र’ असा शब्द! त्यानं थॉमस ग्रेच्या अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध विलापिकेचा चार ओळींचा घाट उचलला आणि त्यात त्या रंग फासणाऱ्या पोराशी वाद मांडला. पोरगा बोलतो ते अर्थातच त्याच्या भाषेत, शिव्यांसकट. वाद टिपेला पोहोचतो आणि पोरगा स्वतःचं नाव थडग्यावर लिहितो. ते नाव हॅरिसनचंच. शाळेची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर तो फवारा कुणाच्या हातात असता, हे सांगायला त्याला याहून वेगळं काही करावं लागलं नाही.

१९८७ मध्ये रिचर्ड आयरनं या कवितेचा चित्रपट केला आणि तो चॅनल फोरवर दाखवायचं ठरलं. तेव्हा खळबळ माजली. वर्तमानपत्रांचे मथळे शिव्यांवर तुटून पडले, संसदेत खासदारांनी निषेध नोंदवला. कविता संसदेत चर्चेला येते, यात तिचा अपमान झाला असं मला मुळीच वाटत नाही. चित्रपट ठरल्याप्रमाणे दाखवला गेला.

त्याचे स्वतःचे पद्य-चित्रपट हा वेगळाच प्रकार. आधी चित्रपट आणि मागाहून निवेदन, अशी रीत त्यानं मानली नाही. तो चित्रीकरणाला हजर असायचा आणि नंतर संकलनाच्या खोलीत बसून दिग्दर्शक पीटर साइम्सबरोबर ओळी आणि दृश्यं एकमेकांना लावून पाहायचा. ब्रिटिश दूरदर्शनवर सेकंदाला पंचवीस चौकटी धावतात. पाच ठोक्यांची ओळ म्हणायला साधारण तीन सेकंद धरले तर एका ओळीला पंचाहत्तर चौकटी. दृश्य त्याआधी तुटलं तर यमक अधांतरी राहतं, नंतर तुटलं तर ढिलं पडतं. म्हणून कधी शब्द कापायचा, कधी चित्र.

यातला ‘ब्लॅक डेझीज फॉर द ब्राइड’ १९९३ चा. यॉर्कशरच्या हाय रॉइड्स रुग्णालयात अल्झायमर्स झालेल्या वृद्ध स्त्रिया राहत होत्या. त्या जी दोन-चार वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायच्या, त्यांतूनच हॅरिसननं गाणी बांधली. त्यांची तरुण रूपं लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात त्याच वॉर्डाच्या मार्गिकेतून गात चालत येतात. स्मृती गेल्यावरही या बायकांच्या तोंडी गाण्यांची चाल टिकून राहिली होती. ठोका शेवटपर्यंत राहतो, हा हॅरिसनचा विश्वास इथे डोळ्यांपुढे खरा होताना दिसतो. या चित्रपटाला प्री इटालिया मिळाला. माझ्या मते तो त्याच्या सगळ्यात थोर कामांपैकी एक आहे.

१९९८ मध्ये टेड ह्यूज गेल्यावर राजकवी म्हणून वर्तमानपत्रांत ज्यांची नावं आली त्यांत हॅरिसनही होता. त्यानं ‘गार्डियन’मध्ये एक खणखणीत कविता लिहून आपल्याला ते पद नको असल्याचं कळवलं. राजघराण्याच्या समारंभांसाठी लिहिणारा कवी युद्धाविरुद्ध कसा लिहिणार?

सगळ्यात अचंब्याची गोष्ट मात्र इजिप्तच्या उकिरड्यात सापडली. ऑक्सिरिंकस या जुन्या गावाच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांत ग्रेनफेल आणि हंट या दोन ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी १८९६ पासून खोदकाम केलं आणि पपायरसचे असंख्य तुकडे बाहेर काढले: पत्रं, पावत्या, अर्ज, आणि त्यांतच सोफोक्लीसच्या एका हरवलेल्या नाटकाच्या जेमतेम चारशे ओळी. ते सॅटरनाट्य होतं. प्राचीन अथेन्समध्ये तीन शोकांतिका झाल्या की चौथं नाटक असायचं घोड्याच्या शेपटीच्या, दारूबाज, नाचऱ्या सॅटरांचं. शोकांतिका जपून ठेवल्या गेल्या, ही चौथी नाटकं बहुतेक सगळी गेली. संपूर्ण असं एकच उरलंय, युरिपिडीसचं. रडणं आणि धिंगाणा एकाच प्रेक्षकानं एकाच दिवशी पाहायचा, ही ग्रीकांची समज पुढच्यांनी मोडून टाकली आणि कलेचे वरचे-खालचे मजले केले, असं हॅरिसन मानत असे.

सापडलेल्या ओळींची गोष्ट अशी. अपोलोच्या गाई चोरीला जातात. शोध घ्यायला सॅटरांना लावतात. माग काढता काढता त्यांना जमिनीखालून एक अनोळखी आवाज ऐकू येतो आणि ते घाबरतात. तो आवाज जगातल्या पहिल्या वीणेचा, बाळ हर्मीसनं कासवाच्या पाठीपासून केलेल्या. इथे पपायरस फाटतो.

पुढे काय झालं ते हॅरिसननं लिहिलं. ‘द ट्रॅकर्स ऑफ ऑक्सिरिंकस’मध्ये ग्रेनफेलला अपोलो झपाटतो, हंटचा सॅटरांचा म्होरक्या सायलेनस होतो, आणि रंगमंचावरची खोकी फोडून सॅटर बाहेर पडतात ते पायांत लाकडी तळव्याचे बूट घालून. उत्तर इंग्लंडच्या गिरणी कामगारांचे हे बूट, आणि त्यांचा खडखडाट हाच सॅटरांचा नाच. सायलेनस झाला होता यॉर्कशरचा बॅरी रटर. माग काढून दिल्यावर अपोलो वीणा स्वतःकडे घेतो. सॅटरांना ती वाजवायची मनाई होते. आवाज आधी ऐकला त्यांनी, घाबरले ते, शोधून दिला त्यांनी, पण संगीत झालं वरच्यांचं. कीट्सची कविता वाचायला उभ्या राहिलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला हे सारं ओळखीचं होतं.

हा पहिला प्रयोग १९८८ च्या जुलैत डेल्फीच्या प्राचीन क्रीडांगणात झाला. तिथे एकच प्रयोग. अपोलोच्या देवळाच्या अंगणातच अपोलोवर आरोपपत्र! शेवटी वीणा नाकारलेले सॅटर तिथे दंगेखोर पोरं बनतात. १९९० मध्ये नाटक लंडनला नॅशनल थिएटरमध्ये आलं तेव्हा हॅरिसननं शेवट बदलला. त्या काळी थिएटरच्या भिंतीपाशीच, थेम्सच्या काठावर, बेघर माणसं पुठ्ठ्याच्या खोक्यांत झोपायची. लंडनच्या शेवटात सॅटर तीच माणसं झाले. तिकीट काढून आत आलेल्या प्रेक्षकांना घरी जाताना त्यांच्याच जवळून जावं लागलं. नाटकाच्या छापील पुस्तकात डेल्फीची आणि लंडनची, अशा दोन्ही संहिता आहेत. त्या शेजारी ठेवून वाचाव्यात, जमलं तर मोठ्यानं वाचाव्यात.